बोट आणि बटण

शेवटचा साधा दिवस रविवार होता, आणि त्या दिवशी ती आईवडिलांकडे गेली ती केवळ टीव्हीच्या आवाजासाठी. सकाळीच वडिलांचा फोन आला होता. "मौनीबाई, एकदा येऊन जा. तुमच्या त्या लॅपटॉपचं चित्र टीव्हीवर झकास दिसतं, पण आवाजाचा काही मेळ बसत नाही." लहानपणी चार माणसांत तिच्या तोंडून शब्द फुटत नसे, तेव्हा पडलेलं हे नाव चाळिशी उलटली तरी वडिलांनी सोडलं नव्हतं. लॅपटॉप तिचाच जुना. तो वडिलांच्या मांडीवर असायचा. त्यावर व्हिडिओ लावायचा, कोपऱ्यातल्या चौकोनी खुणेवर टिचकी मारायची, की चित्र वायरीशिवाय समोरच्या मोठ्या टीव्हीवर जायचं. गोम आवाजात होती. लॅपटॉपवरच्या आवाजाच्या कळा दाबल्या की पडद्यावर एक पट्टी इमानेइतबारे वरखाली व्हायची आणि टीव्ही आपला होता त्याच पट्टीत ओरडत राहायचा. टीव्ही फक्त स्वतःच्या रिमोटचं ऐकायचा. आणि रिमोट आईच्या हातात असायचा.

हे तिनं आधीही पाहिलं होतं, पण त्या दिवशी नीट पाहिलं. वडील आरामखुर्चीत, डोक्याच्या तेलानं खुर्चीच्या पाठीवर काळपट गोल उमटलेला. शेजारच्या लाकडी खुर्चीत आई, मांडीवर रिमोट. रिमोटला तिनं पारदर्शक पिशवी चढवून वर रबरबँड लावला होता, आणि आवाजाच्या बटणांपाशी ती पिशवी घासून घासून दुधी झाली होती. वडील पडद्यावरून नजर न काढता उजव्या हाताचं एक बोट वर करायचे. आई आवाज वाढवायची. कार्यक्रमाच्या मधे जाहिरात आली, की ती नेहमी मूळ कार्यक्रमाच्या दुप्पट जोरानं किंचाळत यायची, आणि वडिलांचं बोट खाली झुकायचं. आई कमी करायची. जाहिरात संपली की पुन्हा बोट वर. या सगळ्यात शब्द नव्हता, नजर नव्हती. ऑफिसात वडिलांच्या केबिनबाहेर एक शिपाई स्टुलावर बसलेला असायचा. काचेतून बोट दिसलं की तो उठायचा. विमा कंपनीच्या शाखेतून 'साहेब' म्हणून निवृत्त झाल्यावर वडिलांनी घरी काय काय आणलं, याचा विचार तिनं कधी केला नव्हता. आईचे डोळे मिटायला आले होते, पण अंगठा जागा होता.

"आई, मी हे लॅपटॉपवरूनच करून देते," स्वयंपाकघरात ती म्हणाली. "त्यांच्या मांडीवरच तर असतो तो. तुला शेजारी बसून राहायला नको."

"राहू दे."

"अगं पण का?"

"राहू दे म्हटलं ना. काहीतरी बिघडवून ठेवशील."

"मी बिघडवेन? दिवसभर आवाजाचंच काम करते मी."

"ते तुझ्या ऑफिसात. इथले साहेब वेगळे." आई हसली आणि कप विसळायला लागली. बोटं पाण्यात सुजल्यासारखी पांढरी दिसत होती. एके काळी याच बोटांनी ती औषधांच्या दुकानात गोळ्या मोजायची, इतक्या सफाईनं, की गिऱ्हाईक बघत राहायचं.

वडिलांना तिनं सांगून टाकलं, की यात बिघाड काही नाही, हे असंच असतं. "वाटलंच मला," ते म्हणाले. "चाललंय ते बरं चाललंय." निघताना आई जिन्यापर्यंत आली. हातात रिमोट तसाच होता. "पोचलीस की फोन कर," म्हणाली, आणि मग, "बरं, आणि अगं—" तेवढ्यात आतून एक जाहिरात किंचाळली, पाठोपाठ वडील: "अगं, कमी! कमी!" आई वळली आणि आत गेली. पाठ, पाठीवरची सैल वेणी, पायातली एक चप्पल फरफटत. तो आवाज खाली आलेला तिला जिन्यात ऐकू आला आणि ती उतरून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला तो खालच्या मजल्यावर कपडे शिवणाऱ्या बाईंचा. ती पोचली तेव्हा डॉक्टर येऊन गेले होते. आई लाकडी खुर्चीतच होती, मान एका बाजूला कललेली, जशी ती जेवणानंतर कलायची. टीव्ही चालू होता. एक परका माणूस एका परक्या गावातून चालत चालत अगदी हलक्या आवाजात काही सांगत होता. तो बंद करायचं कोणाला सुचलं नव्हतं. आईच्या मुठीत रिमोट होता. तो तिनं सोडवला. एकेक बोट उचलावं लागलं, आणि पिशवी मधेच चुरचुरली. त्या चुरचुरीनं तिच्या अंगावर जो काटा आला तो आईच्या गार हातानं आला नव्हता. मग तिनं टीव्ही बंद केला.

दादा आला आणि सगळं उरकून परत गेला. तो विमानानं यावं लागेल इतक्या लांब राहायचा, त्याच्या मागे त्याचा व्याप होता. आत्या, म्हणजे वडिलांची धाकटी बहीण, बॅग घेऊन आली आणि राहिली. "मी आहे थोडे दिवस," ती म्हणाली, "आणि मग काय, तू आहेसच." हे 'तू आहेसच' तिनं पहिल्यांदा ऐकलं ते आत्याच्या तोंडून, मग फोनवर दादाच्या, मग भेटायला येणाऱ्या कोणाकोणाच्या. एकटी तर राहते, दोन खोल्या तर आहेत भाड्याच्या, इकडे एवढं घर मोकळं. जणू ती एखादी माळ्यावर ठेवलेली जादा खुर्ची होती, आणि आता ती खाली काढायची वेळ आली होती एवढंच. तिनं हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. मागच्या खोलीत तिचे चार कपडे कोणीतरी कपाटात लावून टाकले. एका दुपारी तिनं कपाट उघडलं तर तिच्या कपड्यांशेजारी आईचा घरात घालायचा स्वेटर होता, कोपरं विटलेला, आणि आत्या म्हणाली, "असू दे, तुला होईल तो."

भेटायला माणसं येत राहिली. ती आली की वडील सांगायचे. तिचं काम ऐकण्याचं होतं. पुस्तकं मोठ्यानं वाचून ध्वनिमुद्रित करणाऱ्या एका संस्थेत ती कानाला हेडफोन लावून बसायची आणि वाचणाऱ्यांच्या आवाजातली घाण काढायची. घाण म्हणजे घशातली घरघर, ओठ सुटताना होणारा चिकट आवाज, गिळलेली लाळ, पोटाची गुरगुर. स्टुडिओत या सगळ्याला 'ओलं' म्हणायचे. या पानावर ओलं फार आहे, असं म्हणायचे. त्यामुळे वडील सांगायला लागले की तिचा कान आपोआप कामाला लागायचा. "जाहिरात सुरू झाली," वडील सांगायचे. "मी बोट झुकवलं. आवाज तसाच. पुन्हा झुकवलं. तसाच." इथे ते थांबायचे. "इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. तेव्हाच कळलं मला. मी वळून बघितलं..." पहिल्या दिवशी हा थांबा नव्हता. दुसऱ्या दिवशी तो चुकून पडला, आणि समोरच्या बाईंनी डोळ्यांना पदर लावला. तेव्हापासून तो कायम झाला. मग 'इतक्या वर्षांत' हे शब्द आले. मग हाताचं ते बोट हवेत खरोखर झुकवून दाखवणं आलं. दर वेळी सांगणं अधिक घोटीव होत होतं, जसं एखादा वाचणारा पाचव्या खेपेला वाक्य बरोबर पकडतो. ऐकणारे हळहळायचे. "केवढा संसार! नुसत्या बोटावर बोलणं चालायचं दोघांचं." वडील मान हलवायचे, आणि समोरच्या ताटलीतली सफरचंदाची फोड उचलून तोंडात टाकायचे. चावताना त्यांचं तोंड उघडं राहायचं. ओलं फार होतं. ती उठून मोरीत जायची, नळ सोडायची, आणि काही न करता वाहत्या पाण्याकडे बघत उभी राहायची.

किळस ही गोष्ट तिला नवी नव्हती. ती तिच्या कामाचंच हत्यार होती. पण कामावर ती हेडफोन काढला की संपायची. इथे ती वस्तूंना चिकटायला लागली. खुर्चीच्या पाठीवरचा तेलाचा गोल. टेबलाच्या कडेला वडील कान कोरून काडी ठेवायचे ती जागा. चहाच्या कपाच्या कडेवर ओठांचा अर्धा ठसा. आणि या सगळ्यावर वर्षानुवर्षं आईचं फडकं फिरत होतं, म्हणून ते कधी दिसलं नव्हतं. आता फडकं थांबलं होतं आणि घर आपला खरा चेहरा दाखवत होतं. आपल्याला दुःख व्हायला पाहिजे तिथे ही शिसारी का येते, असं तिनं स्वतःला विचारून पाहिलं. दुःख कुठेतरी असणार. पण ते मागच्या खोलीत दार लावून बसलं होतं आणि पुढच्या खोलीत हा चावण्याचा आवाज होता.

एका संध्याकाळी आत्या बाजारात गेली होती. आई गेल्यानंतर वडिलांनी पहिल्यांदाच लॅपटॉप मांडीवर घेतला. त्यांच्या आवडीचं काहीतरी लावलं, गंजलेली यंत्रं घासूनपुसून चालू करणाऱ्या कोणा माणसाचं. ती जवळून जात होती. "बस ना जरा," ते म्हणाले. एकटं वाटत असेल, असं मनात येऊन ती लाकडी खुर्चीत बसली. खुर्चीच्या हातावर रिमोट होता. तो खाली पडेल म्हणून तिनं उचलला. यंत्र घासण्याचा खरखर आवाज, पाण्याचा आवाज, मधेच तो माणूस पुटपुटल्यासारखं काही बोलायचा. आणि वडिलांचं बोट वर गेलं.

ते बोट तिनं पूर्ण बघितलंही नव्हतं. नजरेच्या कडेला काहीतरी हललं, आणि तिचा अंगठा दाबला गेला. दुधी झालेल्या पिशवीखाली बटण खोल गेलं आणि टीव्हीचा आवाज वाढला. वडिलांनी बोट खाली घेतलं. मान वळवली नाही. काही झालंच नव्हतं. ती अंगठ्याकडे बघत राहिली. तो तिचा होता, नखाशेजारी पेनचा डाग होता. तिनं त्याला काही सांगितलं नव्हतं. जाहिरात आली, बोट झुकलं, आणि तिनं अंगठा आवळून मुठीत धरला. टीव्ही किंचाळत राहिला. बोट पुन्हा झुकलं, थोडं अधीर. "अगं," वडील म्हणाले. हे 'अगं' कोणाला होतं? तिनं रिमोट खुर्चीत टाकला, जाऊन साबणानं हात धुतले, आणि तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की रिमोटच्या पिशवीला आईच्या हाताला लावायच्या मलमाचा वास होता आणि तो आता तिनं धुऊन टाकला होता.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली. आत्याला हे पटलं नाही. "एवढ्यात? लोक काय म्हणतील?" स्टुडिओत मात्र कोणी काही म्हटलं नाही. रेकॉर्डिस्ट तिचा जुना सोबती होता, पोट सुटलेला, सतत काहीतरी चघळणारा. त्यानं नुसती खुर्ची पुढे सरकवली. "घरी कसं आहे?"

"ओलं."

"वडील?"

"बरे आहेत. जेवतात."

"तू राहणार का आता तिकडेच?"

"सगळे म्हणतात तसं."

"सगळ्यांचं सोड. तू काय म्हणतेस?"

तिनं हेडफोन लावला. कोणा प्रवाशाच्या आठवणींचं पुस्तक होतं, वाचणारा गोड गळ्याचा. तो अर्पणपत्रिका वाचत होता, लेखकानं आईला अर्पण केलेली, आणि 'आई' म्हणण्याआधी त्याचे ओठ सुटण्याचा चिकट आवाज आला. तिनं तो निवडला आणि कापला. पुन्हा ऐकलं. शब्द आता स्वच्छ होता, आणि निर्जीव होता, जसा फोटो काढण्यापूर्वी माणूस होतो. तिनं कापलेलं परत जोडलं. रेकॉर्डिस्टनं काचेतून भुवया उंचावल्या. "ते राहिलं वाटतं?" "राहू दे," ती म्हणाली, आणि ते आपण कोणाच्या आवाजात म्हणालो ते ऐकून तिला तिथे बसवेना. डोकं दुखतंय असं सांगून ती जेवणाच्या सुट्टीआधीच निघाली.

जिन्यात शिवणाऱ्या बाई भेटल्या. खांद्यावर टेप, ओठांत टाचण्या. त्या काढून म्हणाल्या, "लवकर आलात? बरं झालं. वर एकटेच आहेत, आत्याबाई बाहेर गेल्यात." मग जरा थांबून म्हणाल्या, "रागावू नका, पण त्या दिवशी दुपारी मला किती बरं वाटलं होतं बघा. वरची ती जाहिरात सुरू झाली आणि एकदम आवाज गेला खाली. म्हटलं आज शांतता आहे, हातातला ब्लाउज पुरा होईल. झालाही. आणि मग साहेबांची हाक आली. माझी मलाच लाज वाटते." तिनं बाईंच्या हातावर हात ठेवला आणि वर गेली. एक ब्लाउज पुरा व्हायला किती वेळ लागतो, असला प्रश्न का पडावा, ते तिला कळेना.

दार लोटलेलंच होतं. आत टीव्ही चालू होता. वडील तिच्याकडे पाठ करून खुर्चीत, मांडीवर लॅपटॉप. लाकडी खुर्ची रिकामी, तिच्या हातावर रिमोट. ती दारात चप्पल काढत होती तेवढ्यात जाहिरात लागली, तशीच, छाती दडपणारी. वडिलांनी बोट झुकवलं नाही. शेजारी कोणी नव्हतं. त्यांनी तेच बोट लॅपटॉपवर टेकवलं. व्हिडिओच्या चौकटीखालच्या कर्ण्याच्या बारीकशा खुणेवर बाण नेला, तिथे एक छोटी पट्टी उलगडली, ती त्यांनी हलकेच मागे ओढली आणि टीव्हीचा आवाज खाली आला. धडपड नाही, चुकणं नाही, चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेणं नाही. जाहिरात संपली. पट्टी पुढे सरकली. आवाज पुरेसा झाला. हे बोट हे काम आज पहिल्यांदा करत नव्हतं. कळांचं टीव्ही ऐकत नाही हे खरं होतं, पण या पट्टीचं तो ऐकत होता, आणि ती पट्टी त्यांना ठाऊक होती. कधीपासून?

ती उलट पावली जिन्यात आली आणि पायरीवर बसली. आवाज वर, आवाज खाली, आतून सगळं व्यवस्थित चाललेलं ऐकू येत होतं. म्हणजे ती पिशवी, तो रबरबँड, पेंगणारे डोळे आणि जागा अंगठा, हे सगळं लागत नव्हतंच. आणि आईला? 'राहू दे, काहीतरी बिघडवून ठेवशील.' आई लॅपटॉपबद्दल बोलत होती असं तिनं धरलं होतं. आईला माहीत होतं का, की त्यांना येतं? माहीत असून ती बसत होती का, कारण उठली असती तर मग तिनं त्या घरात कुठे बसायचं? हा विचार तिला पुढे नेववेना, त्यात आईही चिकट व्हायला लागली. तिनं तो सोडला आणि दुसरा हाताला लागला, जो केव्हाचा तिथेच होता. त्या दिवशी ती आली तेव्हा टीव्ही हलक्या आवाजात चालू होता. रिमोट आईच्या मुठीत होता, तो तिनं स्वतः सोडवला होता. ती जाहिरात, आणि एकदम खाली गेलेला आवाज, आणि पुरा झालेला ब्लाउज. म्हणजे बोट झुकवूनही 'तसाच' राहिलेला तो आवाज मग कोणीतरी कमी केला होता. जिन्याच्या कठड्याला धरून ती ओकली, थोडंसं, पाणीच होतं, आणि मग रुमालानं पायरी पुसत बसली.

शनिवारी दुपारी दादाचा व्हिडिओ कॉल आला. आत्याच्या आग्रहावरून तो टीव्हीवर घेतला, म्हणजे वडिलांना मुलगा मोठा दिसेल. दादा फारच मोठा दिसला. नाकपुड्या, दाढीचे खुंट, दातांत अडकलेलं काहीतरी. त्याचा आवाज ओठांच्या मागून यायचा, त्यामुळे तो बोलून झाल्यावर बोलतोय असं वाटायचं. वडील आरामखुर्चीत. आईच्या खुर्चीत आत्या, आणि आत्याच्या हातात रिमोट, खुशीत. लॅपटॉप मधल्या टेबलावर, आणि भिंतीपाशी स्टुलावर ती.

"मग ठरलं ना?" दादा म्हणाला. "तुझी ती भाड्याची जागा या महिन्यात सोड म्हणजे झालं. दोन दोन घरं कशाला? मी इकडे निर्धास्त."

"ठरायचंय काय त्यात?" आत्या म्हणाली. "ती आहेच की. मुलीला वेगळं सांगावं लागतं का? आणि मी येऊन जाऊन असेनच हो, हातपाय चालताहेत तोवर."

"मौनीबाई कधी नाही म्हणाल्यात का?" वडील म्हणाले आणि हसले. बशीतलं बिस्किट चहात बुडवून त्यांनी तोंडात घातलं. थोडा लगदा ओठाच्या कोपऱ्यात राहिला.

"बाबा," ती म्हणाली, "त्या दिवशी आवाज कोणी कमी केला?"

"कुठला आवाज?"

"टीव्हीचा. आई गेली त्या दुपारी. मी आले तेव्हा तो हळू चालला होता. रिमोट आईच्या मुठीत होता."

"आता ते कशाला उकरून काढतेस बाई?" आत्या म्हणाली. "त्यांना त्रास होतो."

वडिलांनी बशी खाली ठेवली. सांगायला सुरुवात करतात तसा श्वास त्यांनी घेतला. तो तिच्या ओळखीचा होता, त्याच्या पाठोपाठ 'जाहिरात सुरू झाली' यायचं. पण त्या श्वासातून काही निघालं नाही. तो तसाच विरला.

"मीच केला," ते म्हणाले. "लॅपटॉपवर. बोट झुकवलं, तर काही होईना. बघितलं तर तिची मान कललेली. म्हटलं, झोपली आहे. झोपू दे."

"मग?"

"मग काय. बघत बसलो."

"किती वेळ?"

"ते संपेपर्यंत."

यात थांबा नव्हता, घोटणं नव्हतं. सगळ्या खेपांमधली ही पहिली खरी खेप होती, आणि तिच्या कानानं ती लगेच ओळखली. म्हणजे त्यांनी आवाज कमी केला होता तो आईसाठी. तिची झोप मोडू नये म्हणून. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मान वळवून बघितलं होतं, तिला दमलेली पाहिलं होतं, आणि स्वतःचं बोट स्वतः हलवलं होतं. वडिलांचे डोळे भरले होते, आणि तेही खरे होते. आत्या नाक ओढायला लागली. इथे तिनं विरघळायला हवं होतं. उठून त्यांच्या खांद्यावर हात ठेवायला हवा होता, आणि मग संध्याकाळपर्यंत मागची खोली तिची झाली असती. पण तिच्या आत काही विरघळलं नाही. उलट आजवरची सगळी शिसारी एका जागी गोळा झाली. तेल नाही, लाळ नाही, चावणं नाही, तेवढ्यानं माणूस कोणाला नकोसा होत नाही. हे नकोसं होतं. आईची झोप मोडू नये असं वाटणारी ती दया त्यांच्याकडे होती. ती सबंध वेळ तिथेच होती, बोटभर अंतरावर, कर्ण्याच्या खुणेखाली दुमडून ठेवलेली, आणि त्यांना ती उघडता येत होती. उघडली कधी, तर घेणारं कोणी उरलं नव्हतं तेव्हा. आणि आता तिच्याकडे ते तशाच भरल्या डोळ्यांनी बघत होते, आणि आत्या बसली होती त्या आईच्या खुर्चीकडे, जी लवकरच रिकामी होणार होती.

"मी नाही येणार राहायला," ती म्हणाली.

"दमलीय ती," आत्या घाईघाईनं टीव्हीकडे बघून म्हणाली. "जागरणं झालीत, कशात लक्ष नाही तिचं."

"काय म्हणाली?" वडील म्हणाले.

दादाचा मोठा चेहरा पडद्यावर पुढे आला, सबंध कपाळ. ओठ हलले आणि मग आवाज आला. "तिकडे काय चाललंय? मला काहीच ऐकू येत नाहीये. कोण बोलतंय? जरा मोठ्यानं बोला."

आत्या रिमोटवर काहीतरी दाबू लागली. त्यानं दादाचाच आवाज वाढला असता, इकडचं तिकडे गेलं नसतं. ती स्टुलावरून उठली आणि टेबलापाशी गेली. लॅपटॉपच्या पडद्याच्या वरच्या कडेला, सुईच्या टोकाएवढं एक भोक असतं, बोललेलं त्यातून पलीकडे जातं. ती त्याच्याजवळ वाकली, पण बोलताना बघितलं ते वडिलांकडे. आपला आवाज केवढा निघेल याचा तिला काहीच अंदाज नव्हता. तो तिनं कधी पूर्ण सोडलाच नव्हता.

"मी इथे राहायला येणार नाही. बाबा, तुम्ही गेला असतात आणि आई राहिली असती, तर मी त्याच दिवशी सामान घेऊन आले असते."